वऱ्हाडच्या सरहद्दीवरील आगमनकाळ

मेहकरहून सुलतानपूरमार्गे सिंदखेडराजाकडे निघालेल्या माणसाला वाटेत लोणार तालुक्यातील बीबी हे गाव लागते. लोणारच्या उल्काविवरामुळे आणि जिजाऊंच्या जन्मस्थानामुळे या मुलखाची ख्याती दूरवर पसरली असली, तरी प्रस्तुत लेखाच्या दृष्टीने त्याचे महत्त्व निराळे आहे. हा वऱ्हाडचा नैर्ऋत्य कोपरा होय. १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजी अंमलाखाली गेले आणि पश्चिमेस व दक्षिणेस असलेला जालन्याचा प्रदेश निजामाकडेच राहिला. तेव्हापासून पुढे शंभर वर्षे येथील शेतकऱ्याला दोन-चार कोस चालले की मोगलाईत पाय पडे आणि नाणे, जकात व कचेरीची भाषा ही सारीच बदलत. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेने ही सरहद्द पुसली गेली व आज ती केवळ दोन जिल्ह्यांमधील एक रेघ उरली आहे. परंतु रोमच्या दप्तरात ती अद्याप शाबूत आहे, कारण बुलढाणा जिल्हा अमरावतीच्या कॅथोलिक धर्मप्रांतात मोडतो आणि लगतचा जालना जिल्हा औरंगाबादच्या. गंमत अशी की ८ मे १९५५ रोजी नागपूरपासून अलग होऊन अमरावतीचा धर्मप्रांत स्थापन झाला, तेव्हा वऱ्हाड व मराठवाडा हे दोन्ही मुलूख एकाच बिशपच्या अखत्यारीत आले होते. म्हणजे राज्यकर्त्यांनी सरहद्द मोडण्याच्या एक वर्ष आधीच धर्मसत्तेने ती मोडली होती. पुढे १७ डिसेंबर १९७७ रोजी औरंगाबादचा स्वतंत्र धर्मप्रांत निर्माण झाला आणि मिटलेली रेघ नकाशावर पुन्हा उमटली.

अमरावती, अकोला, वाशिम, बुलढाणा आणि यवतमाळ अशा पाच जिल्ह्यांचे मिळून सुमारे ४६ हजार चौरस किलोमीटरांचे क्षेत्र एका बिशपच्या हाताखाली, आणि त्यात कॅथोलिक वस्ती अत्यंत विरळ: ही या धर्मप्रांताची मूळ स्थिती होय. वऱ्हाडात ख्रिस्ती म्हटले की जुन्या माणसांना अकोल्याच्या अलायन्स मिशनची आठवण होते, आणि ते स्वाभाविकच आहे, कारण त्या प्रॉटेस्टंट मिशनचे कार्य या भागात प्रथमपासून अधिक पसरले होते. कॅथोलिकांकडून येथे आले ते संत फ्रान्सिस डी सेल्स यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संघाचे धर्मगुरू. फ्रान्सच्या सीमेवरील सव्हॉय प्रांतात १८३८ साली स्थापन झालेल्या या संघाकडे १८८७ मध्ये निर्माण झालेला नागपूरचा धर्मप्रांत सोपविण्यात आला. त्याच संघाने चिखलदऱ्याजवळ मरियमपूर येथे कोरकूंमध्ये आणि मोगलाईत वैजापूर तालुक्यातील घोगरगाव येथे दलित समाजामध्ये आपली ठाणी घातली. घोगरगावचे फादर गुरियन जाकिये यांचे नाव त्या भागात अद्याप आदराने घेतले जाते. ही ठाणी एकमेकांपासून किती दूर होती हे नकाशा पाहिल्याशिवाय ध्यानात येत नाही, आणि कॅथोलिक धर्मगुरूच्या रविवारची जी धावपळ आपण पाहणार आहोत तिचे निम्मे कारण या अंतरातच आहे. उरलेले निम्मे कायद्यात आहे.

प्रथम कालगणना. ख्रिस्ती उपासनावर्षाचा आरंभ १ जानेवारीला होत नाही. तो नाताळापूर्वीच्या चौथ्या रविवारी होतो, आणि हा रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान कोठे तरी पडतो. तेथून नाताळच्या आदल्या संध्याकाळपर्यंतचा काळ तो आगमनकाळ. नाताळ कोणत्या वारी येतो यावर त्याची लांबी अवलंबून असते: नाताळ रविवारी आला तर तो पुरा २८ दिवसांचा, आणि सोमवारी आला तर अवघ्या २२ दिवसांचा. रविवार मात्र चारच. पहिल्या रविवारचे शुभवर्तमान जागृत राहण्याविषयी असते, दुसऱ्या व तिसऱ्या रविवारी वाळवंटात ओरडणारा बाप्तिस्मा करणारा योहान येतो, आणि येशूच्या जन्माची कथा चौथ्या रविवारी कोठे सुरू होते. अर्थात जो मनुष्य वर्षातून एकदाच, डिसेंबरात, गोठा आणि चांदणी पाहण्याच्या अपेक्षेने देवळात डोकावतो, त्याला या दिवसांत जगबुडीच्या आणि पश्चात्तापाच्या गोष्टी ऐकून किंचित नवल वाटते. वस्त्रांचा रंग जांभळा, तिसऱ्या रविवारी तेवढा गुलाबी. इतर रविवारी गायिले जाणारे गौरवगीत या चार रविवारी गाळले जाते, कारण बेथलेहेमच्या रात्री देवदूतांनी गायिलेल्या शब्दांनीच त्याचा प्रारंभ होतो व ती रात्र अजून यावयाची असते. वाद्ये व फुलांची आरास यांचाही या काळात संयमाने उपयोग करावा अशी उपासनाविधीची स्पष्ट आज्ञा आहे. पेटी आणि ढोलकी यांवर जीव असलेल्या आमच्याकडील गायकवृंदाला ही आज्ञा फारशी रुचत नाही, आणि नाताळगीतांचा सराव याच दिवसांत चालू असल्यामुळे ती पाळून घेणे हेही फादरांच्याच माथी येते.

हा काळ सामान्यतः आपल्या मार्गशीर्षाशी समांतर जातो. शेजारणी गुरुवारी घट मांडून महालक्ष्मीची कहाणी वाचीत असतात त्याच आठवड्यांत कॅथोलिक घरी रविवारची मेणबत्ती लागते. पण एका बाबतीत दोन्ही पंचांगांचा मेळ मुळीच बसत नाही. तुळशीचे लग्न लागले की गावोगाव मुहूर्तांची झुंबड उडते आणि धनुर्मास लागेपर्यंत बँडवाल्याला उसंत नसते. नेमक्या त्याच सुमारास कॅथोलिकांचे दार बंद होई. १९१७ च्या धर्मसंहितेनुसार आगमनकाळाच्या पहिल्या रविवारपासून नाताळापर्यंत विवाहाचा थाटाचा आशीर्वादविधी निषिद्ध होता. आजच्या, म्हणजे १९८३ च्या, संहितेत असा निषेध उरलेला नाही. तरीही या काळाचे गांभीर्य ध्यानात ठेवा असे वधूवरांना बजावण्याची रीत आहे, आणि मराठी कॅथोलिक घरांतील लग्ने नाताळानंतर, उपवासकाळ सुरू होण्यापूर्वी गर्दी करतात ती याच जुन्या वळणामुळे.

आता रविवार. कॅथोलिक माणसावर रविवारी मिस्सेला, म्हणजे मुख्य सामुदायिक उपासनेला, हजर राहण्याचे बंधन आहे आणि मिस्सा अर्पण करण्याचा अधिकार केवळ दीक्षित धर्मगुरूला आहे. या दोन नियमांची सांगड घातली की जेथे धर्मगुरू एक व वस्त्या अनेक तेथे काय घडेल हे सांगण्यास ज्योतिषी नको. पाद्रीबाबाने जितक्या वस्त्या तितक्या मिस्सा कराव्या, असे कोणी म्हणेल. पण त्यालाही मर्यादा आहे. सर्वसाधारणपणे धर्मगुरूला दिवसातून एकच मिस्सा करण्याची मुभा असून, धर्मगुरूंची उणीव असल्यास बिशप कामकाजाच्या दिवशी दोन आणि रविवारी तीनपर्यंत परवानगी देऊ शकतो. त्यापलीकडे बिशपचाही अखत्यार चालत नाही. या तीनपैकी एक मिस्सा धर्मग्रामाच्या, म्हणजे पॅरिशच्या, प्रमुखाने आपल्या हवाली केलेल्या लोकांसाठी, कोणतीही दक्षिणा न घेता, अर्पण करावी असा दंडक आहे. उरलेल्यांसाठी कोणी दक्षिणा दिली तरी दिवसाकाठी एकीचीच त्याने स्वतःकडे ठेवावी व बाकीची बिशप सांगेल त्या कार्याकडे वळती करावी. मिस्सा वाढल्या म्हणून धर्मगुरूची मिळकत वाढत नाही, ही तजवीज कोणी केली असेल त्याला मनुष्यस्वभावाची चांगली पारख होती असे म्हटले पाहिजे. अपवाद एकट्या नाताळचा: त्या दिवशी धर्मगुरू तीन मिस्सा करू शकतो आणि तिन्हींची दक्षिणा ठेवू शकतो.

आजचा धर्मगुरू रविवारच्या तीन मिस्सा करतो तेव्हा निदान पोटात काही तरी असते. पूर्वी तेही नसे. मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबही न घेता मिस्सा करावी असा शेकडो वर्षांचा कडक नियम होता, व दोन गावी मिस्सा करावयाची असली तर पहिल्या मिस्सेच्या अखेरीस चषक धुऊन ते पाणी पिण्याचीही सोय नसे, कारण तेवढ्याने उपास मोडला असता. पहाटे एका वस्तीवर मिस्सा उरकून, घोड्यावर किंवा छकड्यात बसून पुढची वस्ती गाठावयाची, तेथे वाट पाहत बसलेल्यांची पापनिवेदने ऐकावयाची, पुन्हा मिस्सा करावयाची, आणि दुपार टळल्यावर घोटभर पाणी प्यावयाचे, असा त्या काळच्या मिशनऱ्याचा रविवार असे. डिसेंबरातील वऱ्हाडची पहाट थंड असली तरी अकरानंतरचे ऊन तहान लावणारेच असते. १९५३ मध्ये बाराव्या पायस पोपांनी पाणी उपासातून वगळले व संध्याकाळच्या मिस्सेलाही वाट करून दिली, १९५७ मध्ये उपासाची मुदत तीन तासांवर आणली, आणि १९६४ मध्ये सहाव्या पॉलनी ती कम्युनियनपूर्वीच्या एका तासावर ठेवली. या तीन हुकूमनाम्यांनी आडवळणाच्या मिशनांतील धर्मगुरूंचे जेवढे कल्याण केले तेवढे कोणत्याही मोठ्या ग्रंथाने केले नसेल. शनिवारच्या संध्याकाळची मिस्साही रविवारच्या हिशेबी धरण्यास पुढे मान्यता मिळाली, त्यामुळे एका दिवसाचे ओझे दोन दिवसांत विभागता येऊ लागले.

नियमांच्या या चौकटीत विरळ वस्तीच्या धर्मग्रामातला आगमनकाळचा रविवार उभा करून पाहू. सकाळची मिस्सा मुख्य देवळात होते आणि ती त्यातल्या त्यात सुखाची असते: सर्व काही जागच्या जागी, धर्मभगिनींनी वेदी मांडून ठेवलेली, वाचक नेमलेले. वेदीशेजारी हिरव्या डहाळ्यांच्या चक्रात चार मेणबत्त्या असतात व दर रविवारी एकेक अधिक पेटते. ही प्रथा फार प्राचीन आहे असा पुष्कळांचा समज आहे, पण आजच्या स्वरूपात ती १८३९ मध्ये हॅम्बुर्ग येथे योहान हिनरिक विखेर्न या प्रॉटेस्टंट पाद्र्याने सुरू केली. आपल्या आश्रमातील अनाथ मुले ‘नाताळ कधी’ म्हणून रोज भंडावून सोडीत, तेव्हा त्यांना दिवस मोजता यावेत म्हणून त्याने गाडीच्या चाकावर रोजची एक लहान आणि रविवारची एक मोठी अशा मेणबत्त्या लावल्या. कॅथोलिकांनी ती बऱ्याच उशिरा, विसाव्या शतकात, उचलली. आमच्याकडे तिच्यासाठी सुरूच्या किंवा अशोकाच्या डहाळ्या वापरतात, आणि चौथ्या रविवारपर्यंत त्या इतक्या वाळतात की जळत्या मेणबत्तीखाली त्यांचा भरवसा धरता येत नाही. दर आठवड्याला त्या बदलण्याची जोखीम मुलांवर सोपविलेली असली तरी अखेरची नजर फादरांनाच टाकावी लागते.

प्रवचन रविवारी चुकविता येत नाही. तशी कायद्याचीच सक्ती आहे. १९६९ च्या आगमनकाळापासून रविवारच्या वाचनांचे तीन वर्षांचे चक्र सुरू झाले आणि मत्तय, मार्क व लूक यांची शुभवर्तमाने पाळीपाळीने वाचली जाऊ लागली, म्हणून गतवर्षीचे टिपण पुढे ओढण्याची पूर्वीची सोयही गेली. शिवाय तेच प्रवचन तीन ठिकाणी देणे म्हणजे तीन निरनिराळी प्रवचने देणे होय. तालुक्याच्या ठिकाणी रुग्णालयातील परिचारिका, शाळांतील शिक्षक, बँकेत बदलून आलेले केरळ-गोव्याकडचे नोकरदार समोर असतात, आणि वस्तीवर कापूस वेचणीतून वेळ काढून आलेल्या बाया व अंगणात खेळता खेळता आत-बाहेर करणारी पोरे. ‘परमेश्वराचा मार्ग तयार करा, त्याच्या वाटा सरळ करा’ हे योहानाचे आवाहन पहिल्यांना आत्मपरीक्षणाचे वाटते. ज्यांच्या वस्तीला पावसाळ्यात वाटच राहत नाही त्यांना ते सार्वजनिक बांधकाम खात्याला उद्देशून असावे असे वाटल्यास त्यांना दोष देता येत नाही, आणि चतुर धर्मगुरू तेथूनच प्रवचनाला हात घालतो.

सकाळची मिस्सा संपल्यावर लोकांशी ‘जय ख्रिस्त’ करीत, कोणाच्या घरी आजारी म्हातारी आहे याची नोंद घेत, एकाला बाप्तिस्म्याचा दाखला आजच हवा असतो त्याची समजूत घालीत फादर गाडीजवळ येतात, तेव्हा पुढच्या वस्तीची पेटी भरून तयार असावी लागते. ही पेटी पाहण्यासारखी असते. आत लहानसा चषक व तबकडी, वेदीवर अंथरावयाचा आणि चषक पुसण्याचा असे तागाचे निरनिराळे रुमाल, नुसत्या गव्हाच्या बेखमीर पिठाच्या पातळ होस्तिया, द्राक्षांच्या निखालस मद्याची कुपी व दुसरी पाण्याची, एक क्रूस, दोन मेणबत्त्या, जांभळा पट्टा, आजाऱ्यांना लावण्याच्या तेलाची डबी आणि प्रार्थनाग्रंथ. भाकर ज्वारीची चालत नाही, गव्हाचीच लागते. मद्यही द्राक्षाचेच लागते, आणि त्यात पाण्याचा थेंब विधीच्या वेळीच टाकावयाचा. यातील एक जरी वस्तू मुख्य देवळात राहिली तर वीस-पंचवीस किलोमीटर मागे यावे लागते, म्हणून अनुभवी धर्मगुरू पेटीचे झाकण लावण्यापूर्वी ओठांतल्या ओठांत यादी म्हणतात. वस्तीवर देऊळ नसल्यास एखाद्याच्या ओसरीवर किंवा शाळेच्या खोलीत मेज मांडून, त्यावर पांढरे वस्त्र घालून मिस्सा होते. कायद्याला स्वच्छ व साजेसे मेज पुरते.

आगमनकाळी पापनिवेदनाची मोठी गर्दी असते, कारण नाताळापूर्वी अंतःकरण निर्मळ करण्याची लोकांची धारणा आहे. येथे एक व्यावहारिक युक्ती सर्वत्र प्रचारात आहे: आसपासचे धर्मगुरू ठरलेल्या दिवशी एकेका ठिकाणी एकत्र जमतात, म्हणजे लोकांना आपल्या रोजच्या फादरांऐवजी परक्यापाशी मन मोकळे करता येते. गुप्ततेचा नियम दोघांनाही सारखाच बंधनकारक असतो, परंतु ज्या फादरांशी उद्या शाळेच्या फीविषयी बोलावयाचे आहे त्यांच्यापाशी आज चोरीची कबुली देणे जड जाते, हे संहितेपेक्षा गावकऱ्यांनाच अधिक चांगले कळते. अमरावतीच्या धर्मप्रांतासारख्या विस्तीर्ण मुलखात असे परके धर्मगुरू गोळा करावयाचे तर शेजाऱ्याच्या वेळापत्रकातील रिकामी संध्याकाळ आधी शोधावी लागते, आणि रविवारी तर ती कोणाचीच रिकामी नसते.

मग ज्या गावी कोणीच पोहोचत नाही तेथे काय होते? कायदा सांगतो की धर्मगुरूच्या अभावी लोकांनी शब्दोपासनेला जमावे, नाही तर घरीच प्रार्थनेत वेळ घालवावा. परंतु मराठवाड्याच्या व नगरच्या मिशनांचा इतिहास पाहिला तर खरे काम कायद्याने नव्हे, मास्तरांनी निभावले असे दिसते. मास्तर म्हणजे गावातच राहणारा विवाहित धर्मशिक्षक. मुलांना अक्षरओळख व प्रार्थना शिकविणे, रविवारी लोकांना जमवून वाचन करणे, मरणासन्न माणसापाशी बसणे, फादर कधी येणार याचा निरोप घरोघर पोहोचविणे आणि फादर आले की कोण रुसले आहे व कोणाचे जमले आहे याची कैफियत त्यांच्या कानी घालणे, ही सारी कामे अल्प वेतनावर त्याने केली. फादरांचा रविवार लोकांना दिसतो कारण ते गाडीतून उतरतात. उरलेले सारे रविवार मास्तरांचे असत, आणि त्यांचा पुरेसा इतिहास मराठीत अद्याप लिहिला गेलेला नाही ही खेदाची गोष्ट आहे.

आणखी एक अडचण अशी की या मुलखाचा आगमनकाळ हा माणसांच्या अनुपस्थितीचा काळ आहे. दिवाळीच्या सुमारास साखर कारखान्यांचे गाळप सुरू होते आणि मराठवाड्यातील व त्याला लागून असलेल्या कोरडवाहू भागातील भूमिहीन कुटुंबे मुकादमाची उचल घेऊन पश्चिमेकडे ऊसतोडीला निघतात. नवराबायको मिळून एक कोयता, असे कोयते मिळून टोळी, आणि टोळीचा मुक्काम कारखान्याच्या आसपास पालात किंवा कोपीत. या वाटेवर सर्व धर्मांचे गरीब लोक असतात, त्यात ख्रिस्तीही आले. अशा वस्तीवर रोमच्या पंचांगाने आगमनाचा काळ लागतो तेव्हा गावातले कर्ते हात गेलेले असतात व मागे म्हातारी माणसे आणि शाळेसाठी ठेवलेली मुले उरतात. नाताळच्या करंज्या-चकल्या तळणाऱ्या सुनाच नाहीत म्हटल्यावर सणाला जी कळा येते तिची कल्पना येणार नाही असे कोणते मराठी घर आहे? कॅथोलिक मनुष्य जेथे असेल तेथील मिस्सेने त्याचे रविवारचे कर्तव्य फिटते हे खरे. पण उसाच्या फडात रविवार आणि सोमवार यांत भेद नसतो, गाडी भरेल तेव्हा तोड करावी लागते, आणि तोडणी चुकविली तर उचल फिटत नाही. आगमनकाळाची जांभळी वस्त्रे ज्या जागृतीचे व उपासाचे स्मरण करून देतात ती या मंडळींना वेगळी शिकविण्याची गरज नसावी.

सणांच्या अग्रक्रमाविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण त्यातून या रविवारांचा दरारा कळतो. अमरावतीचे मुख्य देऊळ संत फ्रान्सिस झेवियर यांच्या नावाचे आहे. झेवियर १५५२ साली ३ डिसेंबर रोजी चीनच्या किनाऱ्यानजीक वारले, म्हणून त्यांचा सण नेहमी आगमनकाळातच पडतो. परंतु आगमनकाळातील रविवारापुढे कोणत्याही संताचा पाड लागत नाही: २०२३ साली ३ डिसेंबर हाच पहिला रविवार आला, आणि मान रविवारला गेला. २०२४ मध्ये ८ डिसेंबरचा मरियेच्या निष्कलंक संभवाचा मोठा सण रविवारी आला, तेव्हा त्यालाही एक दिवस पुढे सरकावे लागले.

त्याच २०२३ मध्ये नाताळ सोमवारी होता, म्हणजे चौथा रविवार २४ डिसेंबरला पडला आणि आगमनकाळ आपल्या किमान २२ दिवसांवर आला. अशा वर्षी रविवारचे बंधन व नाताळचे बंधन ही दोन स्वतंत्र बंधने असतात आणि एकाच मिस्सेने दोन्ही फिटत नाहीत. सकाळी जांभळी वस्त्रे, चौथी मेणबत्ती, मरियेला देवदूताने दिलेल्या निरोपाचे वाचन. दुपारी वेदीवरून चक्र हलवून गोठ्याची मांडणी, गवत, बाळाची मूर्ती, दिव्यांच्या माळा व वीज गेल्यास जनित्राची व्यवस्था. आणि रात्री पांढऱ्या वस्त्रांत, चार आठवडे गाळलेल्या गौरवगीताने, नाताळची मिस्सा. शनिवारच्या संध्याकाळी सुरू झालेला हा क्रम सोमवारी दुपारी संपतो, व मधल्या काळात फादरांनी केलेल्या मिस्सांचा हिशेब ठेवताना कोणती कोणत्या दिवशीच्या खात्यात धरावयाची हे त्यांना वहीवर बोट ठेवून पाहावे लागते. २०२८ साली २५ डिसेंबर पुन्हा सोमवारी येत आहे. त्या वर्षी कोणत्या वस्तीला रविवारची मिस्सा द्यावयाची आणि कोणत्या वस्तीला नाताळची, याची बोलणी धर्मग्रामांत निदान नोव्हेंबरात तरी सुरू करावी लागतील.